त्या फोटोत नसलेली चौथी

मावशी,

मी लातूरकडची. तिबिलिसीत, म्हणजे जॉर्जियात, एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला आहे. इथे मला सगळे सॅम म्हणतात, कारण समृद्धी कुणाच्याच जिभेला झेपत नाही. मार्चमध्ये कॉलेजात महिला डॉक्टरांवर पोस्टर-प्रदर्शन आहे. न विचारताच मला आनंदीबाई जोशी दिल्या आणि उद्घाटनाला नऊवारीत ये असंही कळवलं. गेल्या दोन्ही वर्षी मी नऊवारीत होते. बॅगेतून स्टेथोस्कोपपेक्षा नथच जास्त वेळा बाहेर निघते. यादीत कुणीच न घेतलेलं एक नाव होतं, यामेई किन, चीनची डॉक्टर. मी ते मागितलं. मराठी ग्रुपवर नुसता गदारोळ. 'आपली आनंदी सोडून चिनी बाई?' बातमी बाबांपर्यंत गेली. ते म्हणाले, दोन एकर वावर विकलं ते यासाठी नाही. त्यांचं ठरलेलं आहे, परत यायचं, गावात दवाखाना टाकायचा. बोर्डाचं डिझाइनसुद्धा तयार आहे. माझं काहीच ठरत नाही.

परवा वॉर्डात एका आजींची हिस्टरी घेत होते. छातीवर हात ठेवून त्या 'मामा, मामा' म्हणाल्या. मी लिहिलं, आईला हार्ट अटॅक. जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे बाप. सर सगळ्यांसमोर हसले. रात्री वाटलं, मी ना इथली, ना तिथली. मी गद्दार आहे का? आणि परत यायचं की नाही?

ता. क. थंडी फार आहे, जेवण जात नाही, मॅगीवर भागवते. तीन महिने पाळी नाही, पण टेन्शनमुळे असेल.

समृद्धी (नाव बदललं आहे)


प्रिय समृद्धी,

ता. क. पासूनच सुरू करते. चाळीस वर्षं बायकांना तपासतेय. खरी तक्रार पेशंट उठून दाराच्या कडीला हात घातल्यावरच सांगते, हे मला आता पाठ झालंय. 'बाकी काही नाही हो मॅडम, फक्त जरा...' तुझं ता. क. त्यातलंच आहे.

तीन महिने पाळी नाही म्हटल्यावर 'टेन्शन असेल' हे सगळ्यात शेवटी म्हणायचं, आधी नाही. आधी प्रेग्नन्सी टेस्ट. मी काही विचारत नाही, काही गृहीतही धरत नाही, समोर कुणीही आली तरी पहिली हीच करते. मग हिमोग्लोबिन, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची. आणि वजनकाट्यावर उभी राहा. तिथे गेल्यापासून सहा-सात किलो उतरली असलीस तर मला फारसं नवल वाटणार नाही. पोटात पुरेसं जात नसलं की शरीर पहिली काटकसर पाळीतच करतं. हे तुलाही शिकवलेलं असणार, फक्त पुस्तकातली पेशंट आपणही असू शकतो हे कुणी शिकवत नाही. या आठवड्यात कॉलेजच्या ओपीडीत जा. मैत्रिणीला सोबत ने.

आणि मॅगी पुरे. तुमच्याकडे कुठल्याही साध्या खाणावळीत लोबियो मिळतो, म्हणजे आपला राजमाच, कोथिंबीर घातलेला. त्याच्याबरोबर मचादी देतात, ती म्हणजे मक्याची जाड भाकरी. लातूरच्या मुलीला यात परकं काय आहे? आनंदीबाईंचं पोस्टर मनावर घेणाऱ्या तुमच्या ग्रुपला एक आठवण करून दे: त्या बाईला अमेरिकेतल्या थंडीनं, अपुऱ्या खाण्यानं आणि क्षयानं खाल्लं. ११ मार्च १८८६ ला पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक कागदावरच राहिली. त्यांना आपण पोस्टरवर लावतो, पण त्यांच्याकडून घ्यायचा पहिला धडा नीट जेवण्याचा आहे.

आता यामेई किन. तू नाव मागितलंस, पण ते का मागितलंस हे पत्रात नाही. कुणीच घेतलं नव्हतं म्हणून घेतलं असशील तर तेही चालेल. मी मात्र या बाईबद्दल बरंच वाचलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आनंदीबाईंचा तो प्रसिद्ध फोटो तू पाहिला आहेस. आठ मार्च आला की निम्म्या महाराष्ट्राच्या डीपीवर असतो. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. एका बाजूला साडीतल्या आनंदीबाई, मध्ये किमोनोतली जपानची केई ओकामी, पलीकडे सीरियाची साबात इस्लामबूली, तिच्या अंगावर तिकडचा पोशाख. प्रत्येकीनं आपापल्या देशाचे कपडे घालून यायचं, असा तो समारंभ. म्हणजे तुझी नऊवारीची ई-मेल काही आजची नाही, तिला एकशे चाळीस वर्षं झाली.

त्या फोटोत चीनची कुणी नाही. पण त्याच वर्षी, फिलाडेल्फियापासून आगगाडीनं काही तासांवर, न्यूयॉर्कात एक चिनी मुलगी एम. डी. होऊन बाहेर पडली होती. आनंदीबाईंहून एका वर्षानं मोठी, जन्म १८६४. अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेणारी पहिली चिनी स्त्री तीच. १८८३ च्या उन्हाळ्यात आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटरबाईंकडे उतरल्या, तेव्हा ही नदीच्या पलीकडे, न्यूयॉर्कात शिकत होती. मला हे दोन पत्ते नकाशावर शेजारीशेजारी बघायला फार आवडतं. त्यापलीकडे त्यात काही नाही.

तिचा जन्म निंगबोचा. आई-वडील साथीत गेले, तेव्हा ती दोन-तीन वर्षांची होती. मॅकार्टी नावाच्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरनं आणि त्याच्या बायकोनं तिला वाढवलं. काही काळ चीनमध्ये, काही काळ जपानमध्ये, कारण मॅकार्टी तोक्योत शिकवायला होते. म्हणजे जन्मानं चिनी, घरात इंग्रजी, खेळायला जपानी मुलं. 'ना इथली, ना तिथली' हे तुला परवा रात्री वाटलं, ती त्यातच वाढली.

सोळा-सतरा वर्षांची असताना ती न्यूयॉर्कात ब्लॅकवेल बहिणींनी काढलेल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. कॉलेज १८६८ चं, तेव्हा एमिली ब्लॅकवेल तिथे प्रमुख होत्या. त्या काळात अमेरिकेत कित्येक ठिकाणी तीच ती व्याख्यानं दोनदा ऐकली की माणूस डॉक्टर होई. ब्लॅकवेलबाईंनी मात्र प्रवेशपरीक्षा घेतली, तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला आणि हायजीनला स्वतंत्र विषयाचा मान दिला. औषधीशास्त्र शिकवायला मेरी पुटनम जेकोबींसारखी बाई होती. बायकांना कुणी कच्चं म्हणू नये म्हणून पुरुषांहून जास्त घोटून घेणारं कॉलेज. (आपल्याकडेही बायका अशाच डॉक्टर झाल्या. आमच्या काळापर्यंत तरी.)

आता तिच्या नावाची गोष्ट. ही तुझ्या सॅमसाठी.

१८८२ च्या मे महिन्यात अमेरिकेनं कायदा केला: चिनी मजुरांना दहा वर्षं प्रवेशबंदी आणि कुठल्याही चिनी माणसाला नागरिकत्व नाही. पुढे मुदत वाढत वाढत हे प्रकरण १९४३ पर्यंत चाललं. विद्यार्थी त्यातून वगळले होते, पण रस्त्यावरचा माणूस कायद्याचं कलम वाचून शिवी देत नाही. या वातावरणात ती शिकत होती. नाव होतं या-मेई किन. कॉलेजात तिनं ते लिहिलं वाय. मे किंग. म्हणून बघ मोठ्यानं. नाव तेच आहे, फक्त वेगळ्या कोनातून धरलंय. यादीत वाचणाऱ्याला वाटावं, असेल कुणी किंग आडनावाची गोरी मुलगी. आपण चिनी आहोत हे नावावरून कळू नये, एवढ्यासाठी.

तेव्हा सॅम म्हणवून घेण्यात काही पाप नाही. पण तू सॅम का झालीस, तेवढं स्वतःशी खरं सांग. त्यांची जीभ वळत नाही म्हणून, की वर्गात हात वर केल्यावर आधी देश दिसू नये म्हणून? मी परदेशात नोकरीला होते तेव्हा मलाही दोन वर्षं 'डॉक्टर जे' म्हणत. मी ते चालवून घेतलं, कारण रात्रीच्या ड्युटीत पूर्ण नाव समजावत बसायला वेळ नव्हता. एकाच नर्सनं नाव विचारून घेतलं, पाठ केलं, आणि दोन वर्षं तिच्या तोंडी ते चुकलं नाही. एक सूचना मात्र मी डॉक्टर म्हणून नाही, कागदपत्रांनी पोळलेली बाई म्हणून करते: मार्कशीट, इंटर्नशिपचा दाखला, पदवी, सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग हवं, वडिलांच्या नावासकट. आत्ताच तपास. पुढे एका अक्षरासाठी अ‍ॅफिडेव्हिट करत फिरशील.

किनबाईंची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. १८८७ मध्ये न्यूयॉर्क मेडिकल जर्नलमध्ये तिचा निबंध छापून आला. विषय काय? चीनमधल्या बायकांची स्थिती नव्हे, पूर्वेकडची वैद्यकपरंपरा नव्हे. विषय होता, सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या ऊतींची छायाचित्रं कशी घ्यायची.

तू हिस्टॉलॉजीच्या स्लाइडचा फोटो मोबाइलवर काढतेस, म्हणून यात काय कठीण आहे ते तुला चटकन कळणार नाही. तोवर स्लाइडमध्ये जे दिसेल ते कागदावर हातानं काढायचे. हातानं काढणारा माणूस जे दिसतं ते काढतो, आणि जे दिसायला हवं होतं तेही नकळत काढून ठेवतो. फोटोत ही लबाडी जरा अवघड. पण तेव्हा कॅमेऱ्यात काचेची प्लेट. त्या साध्या प्लेटला निळा उजेड लगेच दिसायचा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. आता तू स्लाइड कार्मिननं लालभडक रंगवलीस तर डोळ्यांना सुरेख दिसेल, फोटोत मात्र काळा डाग उमटेल, आतलं काही कळणार नाही. निळ्या रंगात रंगवलीस तर सगळं फिकं, पांढुरकं. म्हणजे स्लाइड डोळ्यांसाठी नाही, प्लेटच्या डोळ्यांसाठी तयार करायची. काप पातळ हवा, उजेड सरळ यायला हवा, आणि प्लेट उघडी असेपर्यंत टेबलाला धक्का लागता कामा नये, रस्त्यावरून घोडागाडी गेली तरीसुद्धा. तेवीस वर्षांच्या मुलीनं यावर मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. त्यात तिच्या पोशाखाला वावच नव्हता.

तुला परवा सर हसले. हसायला नको होतं, शिकवणाऱ्यानं तर नाहीच. पण चूकही बघ ना कसली गोड झाली. इंग्रजीत मामा म्हणजे आई, मराठीत आईचा भाऊ, आणि जॉर्जियनमध्ये बाप. एका शब्दात अख्खं आजोळ. माझ्या त्या परदेशातल्या नोकरीत मी पहिल्याच आठवड्यात एका म्हातारबाबांना विचारलं होतं, काय त्रास होतोय. ते म्हणाले, 'वॉटरवर्क्स, डॉक्टर.' मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, यांच्या घरच्या नळाचं मी काय करू? नगरपालिकेचं पाणीखातं डोळ्यांसमोर आलं. त्यांना लघवीचा त्रास होता. इंग्रजी मला येत होतं, पण म्हाताऱ्यांचं इंग्रजी येत नव्हतं. त्यावर उपाय एकच होता, वही. रोज पाच वाक्यं. तुझंही तेच. पहिलं मी देते: 'साद ग्टकिवात?' म्हणजे कुठे दुखतंय. दुसरं तू त्या आजींकडूनच घे. त्या अजून वॉर्डात असतील तर जाऊन सांग, मी तुमच्या वडिलांना आई करून टाकलं. त्या हसतील, आणि ते हसणं सरांच्या हसण्यासारखं नसेल.

भाषेवरून तुझ्या मोठ्या प्रश्नाकडे येते. परत यायचं की नाही.

किनबाई परत गेली. १८८० चं दशक संपता संपता एका मिशनतर्फे आमॉयला, म्हणजे आजच्या श्यामेनला. तुझ्या बाबांच्या मनात जे चित्र आहे तेच इथेही काढता येईल: परदेशात शिकून लेक मायदेशी आली, आपल्या लोकांची सेवा करू लागली. पण नकाशा बघ. ती निंगबोची. निंगबोची बोली आणि आमॉयची बोली एकमेकींना कळत नाहीत, तुझी मराठी आणि चेन्नईची तमिळ जशा. चिनी लिपी एकच, म्हणून लिहिलेलं वाचता येईल, पण खाटेवरची बाई लिहून देत नसते. म्हणजे चीनमध्ये परतलेल्या चिनी डॉक्टरला चिनी पेशंटचं बोलणं नव्यानं शिकायचं! मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. तू उद्या महाराष्ट्रात आलीस आणि नोकरी भामरागडला लागली तर समोरची बाई माडिया बोलेल, धडगावला लागली तर पावरी. तिथेही 'साद ग्टकिवात'पासूनच सुरुवात. तिबिलिसीत ही सवय लागली तर ती फुकट जाणार नाही.

आमॉयला तिला मलेरियानं धरलं. ती तिथे हट्टानं पडून राहिली नाही. ती निघाली आणि जपानमध्ये कोबेला गेली, तिथे काही वर्षं काम केलं. पोस्टरवर हे लिहायला लोक कचरतील, कारण 'माघार घेतली' असं दिसतं. मी तिच्या जागी असते तर मीही निघाले असते. डॉक्टरनं जिवंत राहणं हे पेशंटच्या दृष्टीनंही सोयीचं असतं.

पुढचं आयुष्यही पोस्टरच्या चौकटीत बसणारं नाही. १८९४ मध्ये मकावच्या एका संगीतकाराशी लग्न केलं, मुलगा झाला, लग्न मोडलं. मग एकटीनं अमेरिकेत व्याख्यानं देत फिरली. आणि गंमत बघ, जिनं कॉलेजात नाव तिरकं धरून आपलं चिनीपण झाकलं, तीच आता चिनी रेशमी कपड्यांत व्यासपीठावर उभी राहत होती. लोकांना तेच बघायचं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. फरक एवढाच की आता पोशाख तिनं निवडलेला होता, बोलायचे विषय तिचे होते, आणि व्याख्यानाचे पैसे तिला मिळत होते.

म्हणून नऊवारीबद्दल माझं म्हणणं असं. तुला नथ आवडत असेल तर घाल, खुशाल घाल, मला काही वाटणार नाही. पण तिसऱ्या वर्षीही कुणीतरी न विचारता सांगतंय म्हणून नको. दोन ओळींची ई-मेल कर: 'या वर्षी मी पोस्टरबद्दल बोलायला येणार आहे, एप्रनमध्ये येईन. बोलायला दहा मिनिटं मिळाली तर बरं.' कारणं देऊ नकोस. कारणं दिली की चर्चा सुरू होते. आणि दहा मिनिटं मागच. नुसतं उभं राहायचं काम दुसऱ्या कुणाला मिळू दे.

किनबाई शेवटी चीनला परत कशी आली ते राहिलं. १९०७ मध्ये ती तिएन्जिनला बायकांच्या सरकारी हॉस्पिटलची प्रमुख झाली, १९०८ मध्ये तिथे नर्सिंगची शाळा काढली. युआन शिकायसारख्या वजनदार अधिकाऱ्याचा पाठिंबा मिळवला. मला विचारशील तर तिचं सगळ्यात मोठं काम हेच, कारण डॉक्टर एक आणि नर्स शून्य असलं की हॉस्पिटल म्हणजे नुसती ओपीडी. (हे मी अनुभवावरून सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत रात्री सलाइन बदलायला वॉचमन होता.) पदवी १८८५ ची, हे काम १९०७ चं. मध्ये बावीस वर्षं. त्यात आमॉय, कोबे, लग्न, घटस्फोट, व्याख्यानं. तुझं चौथं वर्ष चाललंय आणि बोर्डाचं डिझाइन तयार आहे!

त्या बोर्डाबद्दल बाबांना नियमांनीच समजावता येईल, भावनांनी नको. परदेशातून शिकलेल्यांसाठी २०२१ पासून नियम असे आहेत: किमान चौपन्न महिने शिक्षण, त्याच संस्थेत बारा महिने इंटर्नशिप, मग आपल्याकडची परीक्षा, आणि वर आपल्याकडे पुन्हा बारा महिने इंटर्नशिप. परीक्षेत ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर हवेत, आणि तिथे भलेभले अडकतात. हे सगळं होऊन रजिस्ट्रेशन नंबर हातात येईपर्यंत बोर्ड टांगला तर गुन्हा होतो. तेव्हा बाबांना म्हण, डिझाइन छान आहे, त्यात नंबराची जागा मोकळी ठेवा. 'येणार नाही' म्हणू नकोस, कारण ते तुला अजून माहीत नाही. 'येणारच' असंही म्हणू नकोस, त्याच कारणानं. इंटर्नशिप संपल्यावर बोलू, तोवर परीक्षेचा अभ्यास करते, एवढं सांग. ते खरं आहे आणि दोन्ही रस्त्यांना लागणार आहे.

वावराचं मात्र हसण्यावारी नेऊ नको. दोन एकर म्हणजे त्या माणसाचं म्हातारपण आहे. ते देणं तुझ्यावर आहे आणि ते तुला जाणवतं हे पत्रावरून दिसतं. पण ते देणं पैशाचं आणि मायेचं आहे. पोस्टरवर कुणाचं चित्र लावायचं, हे त्या खरेदीखतात नव्हतं. पुढच्या फोनवर पोस्टरचा विषयच काढू नकोस. त्यांना ती मामाची गोष्ट सांग. मला वाटतं, ते हसतील.

आता गद्दारी. ग्रुपला एक प्रश्न विचार: गुरुबाई करमरकर कोण? बहुतेक गप्प बसतील. आनंदीबाईंच्याच कॉलेजातून १८९२ मध्ये पदवी घेतलेली बाई, पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनकडून वर्षानुवर्षं बायकांवर उपचार करत राहिली. मेली नाही तरुणपणी, म्हणून पोस्टरवर आली नाही. आणि त्याच कॉलेजातून १८९४ मध्ये फूचौची हू किंग-एंग एम. डी. झाली, परत जाऊन फूचौत बायकांचं हॉस्पिटल चालवलं. आनंदीबाई, गुरुबाई आणि हू, तिघी एकाच दारातून बाहेर पडलेल्या. 'आपली' आणि 'चिनी' अशी भिंत त्या कॉलेजात कुठे घालायची, ते ग्रुपनं ठरवावं.

पोस्टरला आणखी मजकूर हवा असेल तर दोघी राहिल्या. चिउच्यांगच्या शी मेइयू आणि कांग छेंग. हाउ नावाच्या मिशनरीबाईंनी त्यांना १८९२ मध्ये मिशिगनला, अ‍ॅन आर्बरला नेलं. १८९६ मध्ये दोघी डॉक्टर झाल्या, पदवीदानाला स्वतःच्या चिनी रेशमात गेल्या. तिकडे शीला मेरी स्टोन म्हणत, कारण शी म्हणजे दगड. सरळ आडनावाचं भाषांतर! उद्या आमच्या दगडूशेठना कुणी स्टोनशेठ म्हणावं तसं. आणि कांगवर १८९७ मध्ये ल्यांग छीछाओ या मोठ्या सुधारकानं लेख लिहिला: बघा, चीनची बाई शिकली की काय होतं. तिला वाढवणारी बाई मिशनरी होती हा भाग मात्र त्यानं बाजूला ठेवला, कारण तो त्याच्या चित्रात बसत नव्हता. म्हणजे तिचंही कुणीतरी पोस्टर केलंच. ती आपली चिउच्यांगला आणि मग नानछांगला पेशंट बघत बसली होती.

तू पोस्टर करताना तेवढं टाळ. 'चीनची आनंदीबाई' असं शीर्षक देऊ नकोस, ते दोघींनाही शोभत नाही. 'पहिली' हा शब्द एकदाच वापर, बारीक अक्षरात. मध्यभागी तिचा चेहरा लावायचा मोह होईल, त्याऐवजी हिस्टॉलॉजीची स्लाइड लाव. शक्य असेल तर डिपार्टमेंटमधून लाल रंगवलेली एक स्लाइड घे, मोबाइलवर एकदा रंगीत फोटो काढ, आणि त्याच फोटोतला फक्त निळा भाग ठेवून एक काळा-पांढरा कर. जुन्या प्लेटला साधारण तसं दिसायचं. दोन्ही शेजारीशेजारी लाव. सर थांबतील तिथे. म्हातारपणी ती काय करत होती तेही एका ओळीत येऊ दे: १९१७ मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्यासाठी सोयाबीनचा अभ्यास, युद्धाच्या टंचाईत लोकांना टोफू खायला शिकवणं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव रोज विचारणाऱ्या तुझ्या बाबांना ही बाई त्या एका ओळीमुळे कदाचित आवडेल. पुढच्याच वर्षी तिचा एकुलता एक मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर, अमेरिकन सैन्यातून लढताना गेला. ती १९३४ मध्ये बीजिंगला वारली.

आणि हो, प्रोलॅक्टिनचं रक्त झोपेतून उठल्या उठल्या देऊ नकोस, दोन-तीन तासांनी दे, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. रिपोर्ट आले की मला कळव. पोस्टरचा फोटो नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझी,
मावशी